पन्नास टक्के कशाचे आणि किती वर्षं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले की तुमच्या पेपरात पानपानभर जाहिराती सुरू होतात, खासगी विद्यापीठांच्या, अभिमत विद्यापीठांच्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत मोठ्या अक्षरात असतं, मेरिट स्कॉलरशिप शंभर टक्क्यांपर्यंत. त्यातलं ‘पर्यंत’ बारीक अक्षरात असतं. मी धायरीला राहते, एका सीएंच्या ऑफिसात अठरा वर्षं अकाउंट्स बघतेय, दिवसभर आकड्यांतच असते, तरी गेल्या वर्षी म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये मुलीच्या इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी आम्ही घरातले सगळेच त्या मोठ्या अक्षरांमागे गेलो होतो, म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं झालंय, जागा नसेल तर कापा, पण आकडे कापू नका एवढी विनंती.

मुलीला सीईटीला ९२ पर्सेंटाइल होते. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठातून फोन आला, या मॅडम, कॅम्पस बघून जा. गेलो. कॅम्पस खरंच सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, मुलीचे तर डोळेच चमकले. काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, कौन्सेलर मुलगी गोड बोलणारी, आणि हातात एक निळं जाड फोल्डर दिलं. आत सोनेरी बॉर्डरचं पत्र, त्यावर माझ्या मुलीचं पूर्ण नाव छापलेलं, अभिनंदन, आपल्या गुणवत्तेची दखल घेऊन आपल्याला पन्नास टक्के मेरिट स्कॉलरशिप देण्यात येत आहे वगैरे, सगळं इंग्रजीत. मिस्टरांनी तिथेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, धडाधड अभिनंदनाचे मेसेज यायला लागले. मग ती कौन्सेलर म्हणाली, सर, स्कॉलरशिपच्या जागा लिमिटेड आहेत, तीन दिवसांत पंचवीस हजार भरून सीट कन्फर्म केली नाही तर हे पत्र रद्द होईल. कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, राउंड तेव्हा सुरूसुद्धा झाले नव्हते. हातची जायला नको म्हणून आम्ही तिथल्या तिथे भरले. मुलीला कॉम्प्युटर विथ एआय पाहिजे होतं आणि ते मिळत होतं, अजून काय हवं.

रात्री घरी आल्यावर ते पत्र मी उलटं करून वाचलं. मागे अकरा अटी होत्या. सातव्या अटीत लिहिलं होतं की स्कॉलरशिप फक्त ट्यूशन फीवर आहे, दुसऱ्या वर्षापासून चालू ठेवायची तर सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड, ८.५ किंवा वर पाहिजे, एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको, हजेरी ८० टक्के, आणि एकदा गेली की परत मिळणार नाही. नवव्या अटीत फी दरवर्षी वाढू शकते, किती ते लिहिलेलं नाही. शेवटच्या अटीत व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम. मग मी वही घेऊन बसले. ट्यूशन ३,४०,००० त्याचे निम्मे १,७०,०००, इतर शुल्क म्हणून ५२,००० ज्यावर सवलत नाही, धायरीहून बस ४८,०००. म्हणजे पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळूनही पहिल्या वर्षाचे २,७०,०००. आमच्या दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या कौन्सेलरला फोन केला, की मॅडम, ८.५ नाही आले तर काय आणि फी किती वाढते. ती म्हणाली, अहो तसं काही होत नाही, सगळी मुलं काढतात, टेन्शन घेऊ नका. मी म्हटलं हेच जरा ईमेलवर लिहून द्या. हो म्हणाली. तो ईमेल आजतागायत आलेला नाही.

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात फलटणहून नणंदेचा फोन आला. तिचा मुलगा, माझा भाचा, २०२३ ला असंच पन्नास टक्क्यांचं पत्र घेऊन दुसऱ्या एका खासगी विद्यापीठात गेला होता. मुलगा हुशार, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलेला, अकरावी-बारावी फलटणलाच केली. त्याची ट्यूशन फी ३,२०,००० होती, अर्धी माफ, वर ४०,००० इतर, म्हणजे पहिल्या वर्षी दोन लाख. नणंदेने आणि तिच्या मिस्टरांनी साधा हिशोब केला, दोन लाख गुणिले चार, आठ लाख, होस्टेल-मेसचं बघू कसंतरी, ऊस आहे, दोन म्हशी आहेत. आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याचा सीजीपीए आला ८.१२. नापास नाही, बॅकलॉग नाही, फर्स्ट क्लासच्याही वर, पण पाहिजे होता ८.५.

पोर्टलवर दुसऱ्या वर्षाची फी दिसली ३,९६,०००. फी दहा टक्के वाढलेली, ट्यूशन ३,५२,००० झालेली आणि स्कॉलरशिपच्या रकान्यात शून्य. नणंद मला फोनवर विचारत होती, वहिनी, तुम्ही हिशोबातल्या आहात ना, ही प्रिंटिंगची चूक असेल का हो. चूक नव्हती. ०.३८ पॉइंट कमी पडले म्हणून घरावर त्या एका वर्षात १,७६,००० चा बोजा आला, आणि तो बोजा पुढच्या प्रत्येक वर्षी आहेच. मी दहा टक्के वाढ तशीच धरून पुढचं काढलं, तिसऱ्या वर्षी ४,३५,६०० आणि चौथ्या वर्षी ४,७९,१६०. चारही वर्षांची बेरीज १५,१०,७६०. आठ लाखांचं गणित पंधरा लाखांवर गेलं आणि यात होस्टेल नाही, मेस नाही, एसटीचं भाडं नाही.

तुम्ही म्हणाल मग सोडायचं होतं. कसं सोडणार, एक वर्ष झालेलं, दोन लाख गेलेले, दुसऱ्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर जागा असायला पाहिजे, सिलॅबस जुळायला पाहिजे, आणि मुलाचं मन तर अगदीच खचलेलं. तो कोणाशी बोलेना. मामी, मी सगळ्यांना फसवलं असं वाटतंय, असं तो मला म्हणाला, एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याच्या आईने लग्नातल्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्या, उरलेले पतसंस्थेतून काढले. त्या पाटल्या मी तिच्या लग्नात पाहिल्यात, पिढीजात होत्या, सासूबाईंनी दिलेल्या. अजून सुटलेल्या नाहीत.

मला इथे एक गोष्ट नीट मांडायची आहे. ८.१२ मिळवणारा मुलगा गुणवंत नाही का? प्रवेशाच्या दिवशी त्याला पत्र पाठवून गुणवंत म्हणणारे हेच लोक होते. पहिलं वर्ष म्हणजे फलटणचं पोर पहिल्यांदा घराबाहेर, सगळं शिकवणं इंग्रजीत, एम-वन म्हणजे पहिलं गणित आणि ग्राफिक्ससारखे पेपर, त्याच वर्षी सगळ्यात जास्त घसरण होते हे कुठलाही प्राध्यापक सांगेल. आणि जिथे रिलेटिव्ह ग्रेडिंग असतं तिथे तर वर्गातल्या ठरावीक मुलांनाच वरची ग्रेड मिळणार, कितीही अभ्यास केला तरी सगळ्यांना ८.५ मिळूच शकत नाही, म्हणजे शंभर मुलांना स्कॉलरशिप देताना त्यातल्या बऱ्याच जणांची पुढच्या वर्षी जाणार हे देणाऱ्याला आधीच माहीत असतं. आई-बापाला ते माहीत नसतं.

आमच्या मुलीचं काय झालं ते पण सांगते. आम्ही पंचवीस हजार भरून महिना होत आला आणि ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आला, की वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ. आम्ही ओबीसी. आनंद झाला, पण मी जीआर पूर्ण वाचला. कॅपमधून प्रवेश पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातला चालणार नाही, आणि अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे ज्या विद्यापीठाची निळी फाइल आमच्या कपाटात होती तिथे गेली तर ही माफी नाही. कॅपमधून अगदी खासगी विनाअनुदानित कॉलेजात गेली तरी आहे. मुलांसाठी सुद्धा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओपनच्या मुलांना निम्मी ट्यूशन फी मिळते, तिथेही कॅप लागतंच. हा एवढा मोठा फरक काचेच्या खोलीत कोणी सांगितला नाही, आणि पालकांना तर कॉलेज आणि विद्यापीठ यातला फरकच माहीत नसतो, बोर्डावर विद्यापीठ लिहिलं की उलट मोठं वाटतं.

तर कॅपच्या राउंडमध्ये मुलीला शहरातलं एक जुनं कॉलेज मिळालं, पण ब्रँच ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, कॉम्प्युटर नाही. ती दोन दिवस जेवली नाही धड. मी तिला ओरडले नाही, तिचंही बरोबर होतं, आवडीची ब्रँच म्हणजे काही छोटी गोष्ट नाही. मी फक्त तिच्यासमोर दोन कागद ठेवले. एका कागदावर निळ्या फाइलचा हिशोब, फी अजिबात वाढली नाही आणि चारही वर्षं ८.५ टिकवले असं धरूनही १०,८०,०००. दुसऱ्या कागदावर या कॉलेजची फी १,३५,०००, त्यातले १,१८,००० ट्यूशनचे माफ, उरलेले १७,००० आपण भरायचे, चार वर्षांचे ६८,००० आणि पीएमटीचा पास. म्हटलं, वरचे दहा लाख तुझ्याच नावाने ठेवू, पुढे एमटेक कर, परदेशात जा, काय पाहिजे ते कर, पण निवड तू कर. तिने एक रात्र घेतली आणि सकाळी म्हणाली, आई, ईएनटीसी. आता पहिलं वर्ष झालं, ७.८ आहे, आणि त्या ७.८ मुळे आमच्या घरात कोणाची झोप उडालेली नाही.

भरलेले पंचवीस हजार परत मागायला गेलो तर सांगितलं, सीट कन्फर्मेशन फी नॉन-रिफंडेबल आहे, पावतीवर लिहिलंय. हे पालकांनी कृपया लक्षात ठेवावं, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम पावतीवरच्या शिक्क्यापेक्षा मोठा आहे. २०२४-२५ साठी यूजीसीने स्पष्ट सांगितलं होतं की ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार कापायचे. त्याआधीपासून २०१८ ची अधिसूचना आहेच, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर शंभर टक्के परत, शेवटचे १५ दिवस उरले असताना नव्वद टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ऐंशी टक्के, त्यापुढे महिनाभरापर्यंत पन्नास, आणि मुलांची ओरिजिनल सर्टिफिकेट्स अडकवून ठेवायची नाहीत हेही त्यातच आहे. मी दोन्हीची प्रिंट काढली, अर्ज ऑगस्टमध्ये दिला, पोच घेतली, यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करते असं लेखी कळवलं. ऑक्टोबरमध्ये चोवीस हजार आले. एक हजार कापले, ते कापायलाही नको होते कारण आमचा अर्ज ३० सप्टेंबरच्या कितीतरी आधीचा होता. पण किती पालक प्रिंट घेऊन जाणार? बहुतेक जण पंचवीस हजार गेले म्हणून सोडून देतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पंचवीस हजार वाया जाऊ नयेत म्हणून तिथेच अ‍ॅडमिशन घेतात. तीन दिवसांची मुदत असते ती याचसाठी, कॅपचं चित्र दिसायच्या आत पालकाचे पैसे अडकवायला.

आता जरा मागचं बोलते. आपल्याकडे स्कॉलरशिप या शब्दाला फार मान आहे. आमच्या वेळी चौथी-सातवीची स्कॉलरशिप असायची, ज्याला मिळायची त्याचं नाव शाळेच्या फळ्यावर वर्षभर राहायचं. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ स्कॉलरशिप त्यांना मिळाली, ही गोष्ट आमचे मास्तर दरवर्षी सांगायचे. ती स्कॉलरशिप देणारा वेगळा होता आणि शिकवणारा वेगळा होता. सरकारने दिली काय, दात्याने ठेवलेल्या पैशातून आली काय, पैसे मुलाचे, तो पाहिजे त्या शाळेत, पाहिजे त्या कॉलेजात ते घेऊन जाऊ शकायचा. आजही केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची स्कॉलरशिप तशीच आहे, बारावी बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल १२,००० रुपये. रक्कम छोटी आहे पण पुढच्या वर्षी चालू राहायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी एवढंच लागतं. पन्नास टक्के गुण! आणि इकडे ८.५.

खासगी विद्यापीठ जे देतं त्यात कुठलाही दाता नाही, कुठून पैसे आलेले नाहीत, फी ठरवणारे तेच आणि सवलत देणारे तेच. तीन लाख चाळीस हजार हा आकडाच त्यांनी ठरवलेला आहे. त्याला सवलत म्हणा, कन्सेशन म्हणा, माझी काही हरकत नाही, सवलत देणं हा गुन्हा नाही. पण स्कॉलरशिप म्हटलं की मुलाला वाटतं हा माझा गौरव आहे आणि बापाला वाटतं नाही म्हटलं तर पोराच्या गुणांचा अपमान होईल. आमच्या मिस्टरांना तसंच वाटलं होतं. घासाघीस करायची सोडा, प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो.

आणि गुणवत्ता म्हणजे तरी काय, हे पण विचारायला पाहिजे. ९८-९९ पर्सेंटाइल काढणारी बरीच मुलं दोन-दोन वर्षं लाखो रुपयांचे क्लास लावून आलेली असतात, त्यांच्या घरात फी भरायची ताकद असतेच. त्यांना पंचाहत्तर टक्के माफी आणि ज्या मुलाला खरी गरज आहे त्याला वीस टक्के किंवा काहीच नाही. पुणं असं नव्हतं हो. या शहरात मुलं वार लावून जेवली आणि शिकली, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, त्यांना कोणी आधी मार्कशीट दाखव म्हणालं नाही. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली ती खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलांसाठीच. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा आणि शिका योजना आहे, मुलं सकाळी बागेत, लायब्ररीत काम करतात आणि शिकतात. ही सगळी मदत गरज बघून दिलेली आहे.

हे फक्त जुन्या काळातलं आहे असंही नाही. आमच्या सरांच्या मुलाने अमेरिकेत अर्ज केले तेव्हा ऑफिसातच कागद व्हायचे म्हणून मला कळलं, हार्वर्डसारख्या ठिकाणी मेरिट स्कॉलरशिप नाहीच. तिथे पोचलेली सगळीच मुलं हुशार, मग मदत कोणाला, तर ज्याच्या घरी पैसे कमी त्याला, आणि किती, तर घरचं उत्पन्न बघून. आपल्याच देशात सोनिपतची अशोका आणि बंगळुरूची अझीम प्रेमजी ही खासगी विद्यापीठं आर्थिक मदत कुटुंबाची परिस्थिती बघून देतात. म्हणजे खासगी असूनही हे करता येतं. अमेरिकेत सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही, तिथल्या खासगी कॉलेजांत तर छापील फीवर पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट दिली जाते, म्हणजे छापील आकडा जवळजवळ नावालाच. पण निदान एक गोष्ट त्यांनी कायद्याने केली, २०११ पासून सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर एक कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो, आपलं उत्पन्न वगैरे टाकलं की मदत वजा जाऊन अंदाजे किती भरावे लागतील ते दिसतं. आपल्याकडे काचेच्या खोलीत जाऊन कॉफी प्यायल्याशिवाय आकडा कळत नाही.

कर्जाचंही थोडं सांगते कारण आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी विचारतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तारण नको, जामीनदार नको, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असतानाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत. चांगली योजना आहे. पण ती ठरावीक संस्थांसाठी आहे, सुरुवातीच्या यादीत ८६० होत्या, केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगवरून ठरवलेल्या. भाच्याचं विद्यापीठ त्यात नाही. म्हणून अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी ती यादी बघा, नंतर बघून उपयोग नाही. आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं वजावट मिळते ती फक्त जुन्या रेजिममध्ये, नव्यात नाही, हे पण बऱ्याच जणांना नंतर कळतं.

खासगी विद्यापीठात जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. डिझाइन, लिबरल आर्ट्स असे काही कोर्स आहेत जे सरकारी ठिकाणी फारसे मिळत नाहीत. काही ठिकाणी शिकवणं उत्तम आहे, भाच्याचे सरसुद्धा चांगले आहेत असं तो स्वतः सांगतो. मिस्टरांच्या कंपनीतल्या एकांच्या मुलाला तीस टक्केच स्कॉलरशिप होती पण अट फक्त पास होण्याची आणि चारही वर्षांची फी पत्रावर छापलेली, त्यांनी डोळे झाकून घेतली आणि बरोबर केलं. माझ्या हिशोबाने ती तीस टक्के आमच्या पन्नासपेक्षा मोठी होती.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. पत्र देताना चारही वर्षांचे आकडे त्यावर असावेत, ट्यूशन आणि बाकीचं धरून, स्कॉलरशिप टिकली तर किती आणि गेली तर किती, दोन्ही. अटी मराठीत सुद्धा छापाव्यात आणि पुढच्या बाजूला छापाव्यात. एखाद्या वर्षी सीजीपीए घसरला तर पुढच्या वर्षी सुधारल्यावर स्कॉलरशिप परत मिळावी. आणि एक आकडा प्रत्येक विद्यापीठाने जाहीर करावा, फक्त एक, पहिल्या वर्षी ज्या मुलांना स्कॉलरशिप दिली त्यातल्या किती जणांची शेवटच्या वर्षापर्यंत टिकली. हा आकडा त्यांच्या अकाउंट्स डिपार्टमेंटला एका क्लिकवर मिळतो, मी याच कामात आहे, मला माहीत आहे.

सरकारने मुलींची फी माफी खासगी विद्यापीठांना पण लागू करावी असं काही पालक म्हणतात. मला ते पटत नाही, जिथली फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली नाही तिथे जनतेचा पैसा का ओतायचा, ते अजून वाढवतील. पण निदान अशा प्रत्येक विद्यापीठाच्या फॉर्मवर ठळक लिहायला लावावं की इथे ही योजना लागू नाही. एक ओळ आहे फक्त.

आणि तुम्हाला पण विनंती आहे, राग मानू नका, तीस वर्षं आमच्या घरी तुमचाच पेपर येतो. जाहिराती तुम्हाला घ्याव्या लागतात हे कळतं. पण त्याच आठवड्यात एक पान असं द्या ना, जिथे पुण्यातल्या आणि आजूबाजूच्या विद्यापीठांची चार वर्षांची पूर्ण फी, वाढ किती, स्कॉलरशिपची अट काय, सरकारी योजना लागू आहे की नाही, हे कोष्टकात असेल. तुम्ही विचारलं तर ते उत्तर देतील. माझ्यासारखीने विचारलं तर ईमेल येत नाही.

काल रात्री परत नणंदेचा फोन आला. भाच्याच्या धाकट्या बहिणीने यंदा बारावी दिली, पोरगी भावापेक्षा हुशार आहे. तिला पण पत्र आलंय, निळं नाही, हिरवं फोल्डर, साठ टक्के, मुदत शुक्रवारपर्यंत. म्हणाली, वहिनी, पोरगी नाचतेय घरभर, काय करू. मी म्हटलं पत्राच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठव, पैसे भरू नकोस, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेव, कॅपचा फॉर्म मी बसून भरते. फोटो आलाय, बारा अटी आहेत. रविवारी सकाळच्या एसटीने वही घेऊन फलटणला जातेय.

आपली नम्र,
एक पालक, धायरी, पुणे